मानसिंगच्या दोन शाली

आमच्या सोसायटीत इंटरकॉम उचलला की आधी खोकला ऐकू येतो. एक कोरडा, एक ओला, आणि मग आवाज: "ताय, खाली पोऱ्या आलाय पारसल घेऊन. धारू का वर?" 'धाडू' नाही, 'धारू'. ज्यांनी त्याला फक्त इंटरकॉमवर ऐकलंय, त्यांना वाटतं खाली जुईनगर गावातला कोणी आगरी म्हातारा बसलाय. खाली येऊन बघावं तर बारीक डोळे, गोल चेहरा आणि भर मे महिन्यात माकडटोपी. मानसिंग राई, आमचा वॉचमन.

मराठी त्याला शिकवली पुतळामावशीनं. मावशी गेटबाहेर झाडाखाली मासळीची पाटी घेऊन बसते. सासर जुईनगर, माहेर जासई, आणि तोंड दोन्हीकडचं. मानसिंग नवा लागला तेव्हा दिवसभर बोलायला ती एकटीच होती, म्हणून तिची बोली त्याच्या जिभेवर बसली ती शिव्यांसकट. पाण्याला पानी, गाडीला गारी. बी विंगचे नवे भाडेकरू गाडी रिव्हर्स घेत होते तेव्हा त्यानं खिडकीवर टकटक करून सांगितलं होतं, "शेट, गारी थोरी पुढं घ्या, मागं मावशीची कोलबी हाय. तुमी ठोकली का ती तुमाला ठोकंल." भाडेकरू लखनौचे. त्यांना फक्त 'शेट' कळलं.

सगळे त्याला नेपाळी म्हणत. नेपाळात भूकंप झाला तेव्हा चेअरमन जयप्रकाशकाका स्वतः खाली उतरून विचारून आले होते, घरचे सुखरूप ना? मानसिंग म्हणाला होता, हां साहेब. पुढे नेपाळात सरकार बदललं की काका विचारत, काय, तुमच्याकडे आता कोण? हां साहेब. काका मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून रिटायर झालेले, मूळचे साताऱ्याचे. प्रत्येक वाक्याआधी ते घशातून फाईल सरकवल्यासारखा आवाज काढतात, "अंऽऽ", आणि मगच वाक्य टेबलावर येतं. त्यांना उत्तर 'हां साहेब' असंच आवडतं.

खरं काय ते कळलं यंदाच्या उन्हाळ्यात. एका सकाळी पाण्याचा टँकर आला आणि गेट कोणी उघडेना. टँकरवाल्यानं हॉर्नवर कोपर ठेवून दिलं. माझा चुलतभाऊ वरद आणि मी खाली गेलो तर मानसिंग केबिनमध्ये खुर्चीवर, मोबाईल दोन्ही हातांत धरून, जसं काही ते पाखरू आहे आणि उडून जाईल. काकाही उतरले. अंऽऽ, हा काय प्रकार आहे, म्हणाले.

"भाऊ हाय माजा," मानसिंग म्हणाला. "धाकटा. अमेरिकेनं फेकला. भूताननं बी फेकला. आता नेपाल बोलतंय, तू आमचा नाय."

काका म्हणाले, पण तू तर नेपाळचा ना?

"नाय साहेब. तुमी बोलले नेपाली, मी हां बोललो."

मग हळूहळू, गेट उघडबंद करत, पार्सलं लिहून घेत, तुकड्यातुकड्यांनी सगळं बाहेर आलं. तो भूतानचा. दक्षिणेकडच्या डोंगरातला, जिथले लोक नेपाळी बोलतात. वडिलांची संत्र्यांची बाग होती. साधारण पस्तीस वर्षांपूर्वी त्या भागातल्या हजारो लोकांना तुम्ही इथले नाही असं सांगितलं गेलं, आणि घरंच्या घरं ट्रकमध्ये चढली. मानसिंग तेव्हा ऐन पंचविशीत, धाकटा भाऊ रणजीत पहिली-दुसरीत. नेपाळात पोचले, झापा नावाच्या जिल्ह्यात, बांबूच्या झोपड्यांच्या छावणीत. वडील तिथेच गेले, मागून आई. भावाच्या शाळेसाठी मानसिंग मुंबईला आला, आणि मुंबईला म्हणून निघालेले सगळे जसे शेवटी खाडी ओलांडतात तसा जुईनगरला पोचला.

पुढे बाहेरच्या देशांनी त्या छावणीतली माणसं न्यायला सुरुवात केली. मोजणी झाली तेव्हा मानसिंग इथे, गेटवर. जो छावणीत हजर नाही तो यादीत नाही. रणजीत म्हणत होता मीही जात नाही. मानसिंगनं फोनवरून ओरडून त्याला विमानात बसवलं. ओहायोत गेला, गोदामात लागला, लग्न केलं, दोन मुली. मग एका रात्री दारूच्या अड्ड्यावर मारामारी, कोर्ट, थोडी शिक्षा. ती भोगून झाली होती, विषय संपला होता. यंदा अचानक त्याला घरातून उचलला आणि विमानात घालून भूतानला उतरवला. तिथे एक रात्र ठेवून गाडीनं भारताच्या सीमेवर सोडला. तिथून कोणीतरी अंधारात नेपाळच्या सीमेवरची मेची नदी ओलांडून नेपाळात पोचवला. आता तो पुन्हा झापात, त्याच छावणीत, जिथे तो लहानाचा मोठा झाला. बायको-मुली ओहायोत. काम करायची परवानगी नाही, बाहेर जायची नाही. नेपाळ म्हणतं, बेकायदा आलास, परत जा. परत म्हणजे कुठे, ते कोणी सांगत नाही.

रणजीतचा आवाज मी व्हिडिओ कॉलवर ऐकला, वरदनं मानसिंगला स्पीकर लावून दिला तेव्हा. नेपाळी आणि ओहायो यांची खिचडी. "ओके दाजु, लिसन, लिसन टु मी," आणि पुढे सगळं नेपाळी. दाजु म्हणजे मोठा भाऊ. नेपाळी कान देऊन ऐकली तर मराठीच्या चुलत बहिणीसारखी आहे, निम्मं कळतं. तो म्हणत होता, मी इथे बसून सडणार नाही. मी भूतानच्या गेटवर जाऊन उभा राहतो, फुन्शोलिंगला. आत घ्या नाहीतर जेलमध्ये टाका, पण एकदा सांगून टाका मी कोणाचा. आणि मानसिंग प्रत्येक वाक्यावर नको म्हणत होता. त्या जेलात या दोघा भावांच्या काकाला टाकलं होतं. ते काका बाहेर आले तेव्हा त्यांना रणजीत कोण ते आठवत नव्हतं.

"थांब," मानसिंग म्हणत राहिला. "मी काहीतरी करतो. तू थांब."

काय करणार, हे त्याला माहीत नव्हतं. आम्हा कोणालाच नव्हतं. तो नाइट ड्युटीवाल्याची ड्युटीही स्वतःच करू लागला, कारण झोप नव्हती. जेवण मावशी आणायची, ते केबिनच्या मागच्या मांजरीला मिळायचं. मांजर जाड झाली.

आणि मग जयप्रकाशकाका पेपर घेऊन खाली आले. वाशीच्या प्रदर्शन केंद्रात पर्यटन मेळावा भरणार होता, आणि त्यात एक खास कार्यक्रम होता: 'दोन तरुण लोकशाह्या, एक हिमालय'. भूतान आणि नेपाळ, दोघांचे पाहुणे एका व्यासपीठावर. मैत्री, सहकार्य, विमानं, वीज, ट्रेकिंग. पेपरात लिहिलं होतं की दोन्ही देशांत दोन हजार आठ साली नवी लोकशाही आली. वरद दोन हजार आठचा. तो म्हणाला, म्हणजे माझ्याएवढ्या आहेत? वरदला अजून गाडीचं लायसन्स नाही.

पण मानसिंगच्या तोंडावर त्या दिवशी पहिल्यांदा तरतरी आली. दोघंही एका ठिकाणी. इतकी वर्षं याला विचारलं तर तो म्हणे त्याला विचारा, त्याला विचारलं तर तो म्हणे याला. आता दोघं शेजारी शेजारी बसणार, आणि तेही वाशीला, रिक्षाच्या अंतरावर. त्यानं लगेच फोन लावला. रणजीतनं वचन दिलं: त्या दिवसापर्यंत जात नाही. त्यांच्यापुढे तू बोल, दाजु. मग बघू.

कसं बोलायचं यावर गेटवर सभा भरली. काकांचं म्हणणं, यात विचार करण्यासारखं काही नाहीच. पद्धत ठरलेली आहे. आधी सत्कार, मग विषय. आपल्या समोरचा स्पीडब्रेकर कसा झाला? सत्कार केला. गल्लीतले दिवे? सत्कार. ड्रेनेजची लाइन तर दोन सत्कारांत झाली. अंऽऽ, शाल-श्रीफळ मिळाल्याशिवाय पदावरचा माणूस ऐकण्याच्या अवस्थेत येत नाही, हे त्यांनी छत्तीस वर्षं नोकरीत पाहिलेलं. शाल घालायची, फोटो काढायचा, आणि फोटो संपता संपता, माणूस अजून हसत असताना, कानात विषय घालायचा.

मावशीनं कोळंबी सोलता सोलता मान हलवली. "आमचे जासयला बी लय शाली वाटल्या. जमिनीवर आता डबे उभे हायेत कंटेनरचे, एकावर एक. शाल पांघरली का मानूस झोपतो, साहेब."

काका म्हणाले, मग काय, मोर्चा काढायचा? एका माणसाचा?

मावशीनं पुढची कोळंबी घेतली. एवढंच म्हणाली की कागद देऊ नको, कागद फायलीत जातो, तोंडानं सांग. ते काकांनाही पटलं. मग मानसिंगनं तीन वाक्यं तयार केली, नेपाळीत, कारण ती दोघांनाही कळेल असं तो म्हणाला. पहिलं: मी भूतानचा. दुसरं: माझा भाऊ नेपाळात आहे आणि त्याला कोणीच घेत नाही. तिसरं: तुम्ही दोघं मित्र आहात, तर दोघांपैकी एकानं त्याला आपला म्हणा.

दोन आठवडे गेटवर हीच तीन वाक्यं. गाडी आली, गेटचा आडवा बूम वर, पहिलं वाक्य. गाडी गेली, बूम खाली, दुसरं. तिसऱ्याला नेहमी आवाज फाटायचा. मावशीला तो विचारायचा, बरा बोललो का? तिला नेपाळी येत नाही, पण कान आहे. "बरा बोललास. पन रडू नुको. रडलास का पानी देतान, उत्तर नाय देत."

काकांनी मंत्रालयातल्या जुन्या ओळखीनं कार्यक्रमात सत्कार घुसवला आणि शाली वाशीच्या दुकानातून स्वतः निवडल्या, एक लाल काठाची, एक हिरव्या. काकांचा जुना कोटही मानसिंगला मिळाला. बाह्या इतक्या लांब की नारळ धरला तर नारळालाच बाही घातल्यासारखं दिसे. मेळाव्याला मावशी कोळंबी सोडून आली होती, नऊवारीत, हातात काहीच नाही म्हणून अवघडलेली. वरद, मी, काका. रिक्षा दोन.

हॉलमध्ये एसी असा की मानसिंगला पहिल्यांदाच त्या टोपीचा उपयोग झाला असता, पण काकांनी ती काढायला लावली होती. एका बाजूला भूतानचा स्टॉल, थर्माकोलचा किल्ला, रंगीत पताका. दुसऱ्या बाजूला नेपाळचा, बर्फाच्या डोंगराचं फ्लेक्स आणि त्यापुढे सेल्फीसाठी दोरी. मानसिंग थर्माकोलच्या किल्ल्यापुढे थांबला. हात लावू का असं त्यानं स्टॉलवरच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, ओन्ली फोटो, अंकल.

निवेदक हा प्राणी नवी मुंबईत एकाच साच्यातून निघतो. "आणि आता... ज्या क्षणाची... आपण सर्वजण... अत्यंत आतुरतेने..." इतक्या ठिकाणी थांबतो की मधे चहा पिऊन यावं. त्यानं जाहीर केलं, 'नवी मुंबईतील हिमालयीन बांधवांतर्फे' सत्कार. हिमालयीन बांधव म्हणजे साताऱ्याचे काका, जासईची मावशी आणि मानसिंग. व्यासपीठावर दोन पाहुणे. नेपाळचे पोटवाले, रंगीत ढाका टोपीतले, हसरे. भूतानचे तरुण, चष्म्यातले, घो नावाच्या त्यांच्या गुडघ्यापर्यंतच्या झग्यात, पाय जुळवून बसलेले.

आधी काका बोलले. दोन शब्द म्हणून उठले आणि हिमालयापासून निघून सह्याद्रीपर्यंत पायी आले. मानसिंग मागे दोन्ही हातांवर शाली आणि शालींवर नारळ घेऊन उभा. खाली मावशी पदर तोंडात धरून बसली होती. निवेदकानं घड्याळ दाखवलं तेव्हा काका नाइलाजानं सह्याद्रीवर थांबले.

मानसिंगनं भूतानच्या पाहुण्याला लाल शाल घातली. नेपाळच्या पाहुण्याला हिरवी. आणि नारळ देताना, ठरल्याप्रमाणे, वाकून पहिलं वाक्य म्हणाला. माइक निवेदकाच्या हातात, तोंडाजवळच, म्हणून ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

नेपाळचे पाहुणे आनंदाने अर्धे उठलेच. कोणी आपल्या भाषेत बोललं की परक्या गावात होतो तसा खरा आनंद. त्यात काही खोटं नव्हतं. अर्थ कानात शिरायच्या आधी मिठीच आली. त्यांनी मानसिंगच्या खांद्यावर हात टाकला आणि हिंदीत म्हणाले, "अरे, ये तो हमारे आदमी हैं!"

भूतानचे पाहुणे अदबीनं झुकले. "बिलकुल, आप ही के हैं."

"मी भूतानचा," मानसिंग पुन्हा म्हणाला. या वेळी आवाज तिसऱ्या वाक्याचा होता.

"तो फिर आपके!" नेपाळचे पाहुणे मोठ्यानं हसले आणि मानसिंगला खांद्यानं धरून हळूच पलीकडे सरकवलं. "दोस्त के लिए इतना तो करेंगे."

भूतानच्या पाहुण्यांनी हात जोडले. "नहीं नहीं. हमारी तरफ से आपको भेंट."

हॉल हसला. टाळ्या वाजल्या. निवेदकाला असं काही आयुष्यात मिळालं नव्हतं. तो म्हणाला, पाहा, याला म्हणतात मैत्री, माणूससुद्धा एकमेकांना देऊन टाकतात! पुन्हा टाळ्या. मधे मानसिंग, एकदा इकडे, एकदा तिकडे, काकांच्या कोटात. दुसरं वाक्य त्याच्या ओठावर आलेलं मला दिसत होतं. फोटोवाला गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "काका, स्माइल. काका, इकडं. स्माइल."

मानसिंगनं स्माइल दिलं. छत्तीस फ्लॅट्सना रोज सकाळी देतो ते. फ्लॅश पडला आणि निवेदकानं भोजनाची सूचना केली.

काका खाली उतरताना म्हणाले, "अंऽऽ, विषय पोचला."

पण मानसिंगला माहीत होतं की पोचला नाही. जेवणाच्या रांगेत तो भूतानच्या त्या तरुण पाहुण्यापर्यंत गेला. आम्ही मागे थांबलो. ताटात पुलाव घेता घेता त्या पाहुण्यानं ऐकलं, दुसरं वाक्य, आणि चमचा खाली ठेवला. हळू आवाजात, स्वच्छ नेपाळीत विचारलं, कोणतं गाव? मानसिंगनं सांगितलं. पाहुणा थोडा वेळ पुलावाकडे बघत राहिला. "तिकडची संत्री चांगली असतात," म्हणाला. मग म्हणाला, "दाजु, मी पर्यटन खात्यातला माणूस आहे." त्याला कोणीतरी हाक मारली. जाताना त्यानं मानसिंगचा हात दाबला, जरा जास्तच वेळ, आणि लाल शाल अंगावर तशीच घेऊन गेला. तिसरं वाक्य मानसिंगकडेच राहिलं.

फोटो संध्याकाळच्या आत सगळीकडे. काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, 'आपले मानसिंग, दोन राष्ट्रांच्या मध्ये', हात जोडलेल्या बाहुल्यांसकट. मेळाव्यानं आपल्या पानावर टाकला, खाली लिहिलं, मैत्रीचे साक्षीदार, दोन्ही देशांचे आनंदी बांधव. तिथून तो कोणाकोणाच्या फोनवरून चढत, उतरत झापात गेला. छावणीत तो प्रत्येकानं प्रत्येकाला दाखवला. वर्षानुवर्षं जे कोणाचेच नव्हते त्यांना हा एक माणूस दिसला, दोघांच्या मधोमध, दात दाखवत.

रणजीतचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. या वेळी 'लिसन' नव्हतं.

"बोललास?"

मानसिंग म्हणाला, बोलायला लागलो होतो.

"फोटोत तू हसतोयस, दाजु."

"फोटोवाला बोलला."

मग रणजीत म्हणाला, "बाबांना पण फोटोवाल्यानंच सांगितलं होतं. ट्रकमध्ये बसवल्यावर. हसा, म्हणजे स्वतःच्या मर्जीनं चाललेत असं दिसेल. मी त्यांच्या मांडीवर होतो. मी पण हसलो होतो."

मानसिंगनं फोन कानापासून दूर धरला, जसं आतून काही गरम बाहेर येतंय. परत कानाशी नेला तेव्हा कट झालेला.

त्या दुपारी मावशीनं काकांना गेटवर थांबवलं. काका भाजी घेऊन येत होते. मावशी ओरडली नाही, म्हणून जास्त भीती वाटली. म्हणाली की शाल घातलीत तेव्हाच मानसिंगच्या भावाचा विषय मेला. ज्याचा सत्कार केला त्याच्याशी भांडायचं कसं? देव्हाऱ्यात बसवलात, आता देवाला जाब विचारता? काकांनी तोंड उघडलं. अंऽऽ आलं नाही. ते भाजीची पिशवी घेऊन केबिनमध्ये गेले आणि मानसिंगसमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. म्हणाले, मी दिल्लीला लिहितो, माझ्या ओळखीचे एक आहेत. मानसिंग म्हणाला, हां साहेब. काकांना ते उत्तर त्या दिवशी आवडलं नाही. ते तसेच बसून राहिले, मेथी सुकेपर्यंत.

रणजीतचा फोन लागेना. मानसिंग लावत राहिला. पलीकडे नेपाळी बाई गोड आवाजात सांगायची, संपर्क हुन सकेन. तिचा सूर असा की आनंदाची बातमी देतेय. पार्सलवाले थेट वर येऊ लागले. टँकरवाला स्वतः उतरून गेट उघडायचा. कोणी तक्रार केली नाही; बी विंगच्या लखनौवाल्यांनी तर डबा खाली पाठवला. मानसिंगनं छावणीतल्या शेजाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, रणजीत पहाटे निघून गेला, पाठीवर पिशवी, पायात ओहायोचे बूट.

मानसिंग जाणार होता. कुठे, तेच कळेना. झापाला जावं तर तो तिथे नाही. फुन्शोलिंगला जावं तर पोचायला जे दिवस लागतील त्यात काय ते होऊन जाईल. वरद मोबाईलवर गाड्या बघायचा, मानसिंग म्हणायचा थांब, फोन आला तर? गाडीत रेंज नसंल. तो पिशवी भरायचा आणि परत सोडायचा.

फोन आला सकाळी, ऑफिसच्या गाड्या निघायच्या वेळी. नंबर अनोळखी, वरदनं स्पीकर लावला. रणजीत जयगावला होता, भारताच्या बाजूला, आणि त्याला समोर फुन्शोलिंगचं गेट दिसत होतं. म्हणाला, रंगवलेलं आहे, देवळासारखं. लोक ये-जा करतायत. एका चहावाल्याचा फोन मागून घेतलाय, जास्त बोलता येणार नाही.

मानसिंग उभा राहिला. त्यानं सगळं पुन्हा म्हटलं: नको, परत फिर, मी येतो, आजच निघतो, मुलींचा विचार कर. जेलातल्या त्या काकाचं नाव घेतलं. मग आईची शपथ घातली. मागे बूमपाशी गाड्या साचल्या होत्या. पहिल्या गाडीनं हॉर्न दिला तशी मावशी उठली, माशांच्या हातानं तिनं त्या गाडीची काच थोपटली, आणि नंतर कोणी वाजवला नाही.

रणजीतनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दाजु, मी सात वर्षांचा होतो. मला रस्ता आठवत नाही. गेटमधून आत गेल्यावर आपल्या बागेला कुठून जायचं?"

चहावाल्याचा स्टोव्ह इथपर्यंत ऐकू येत होता. मानसिंगनं डोळे मिटले आणि सांगायला लागला. नदी उजव्या हाताला ठेव. बाजार संपला की चढ. पूल होता, आता नवा झाला असेल. वेलदोड्याचा वास आला की समज बरोबर आहेस. पुढे दोन वाटा फुटतात, खालची घेऊ नको, ती शाळेला जाते. वरच्या वाटेवर झरा. तिथून बाग दिसते. घरात दुसरं कोणी असेल. त्यांच्याशी भांडू नको. म्हण, झाडं बघायला आलोय.

तो सांगताना त्याचा मोकळा हात हवेत वळणं घेत होता. वरदनं पिशवी उचलली आणि परत ठेवली.

"आणि ऐक," मानसिंग म्हणाला. इथून पुढे नेपाळी सुटून मधेच आमची आगरी आली, त्याला कळलंसुद्धा नाही. "मी गेटवरचा मानूस हाय, मना माहीत हाय. गेटवाला आधी हात बघतो. पिशवी खाली ठेव. हात दोनी दिसू दे. धावू नुको. नाव इचारलं का बाबाचा नाव सांग, गावाचा नाव सांग. तो ओरडंल, ओरडू दे. त्याला बी वरून कोनीतरी ओरडतो. मान खाली घालू नुको."

पलीकडून "हुन्छ, दाजु," एवढं आलं. बरं, दादा.

त्या नंबरावर आम्ही नंतर फोन केला. चहावाला म्हणाला, तो माणूस पिशवी माझ्या टपरीवरच ठेवून गेला. हात वर करून गेटकडे चालला होता, मग गर्दीत दिसला नाही. पिशवीचं काय करू?

मानसिंग म्हणाला, ठेवा. आणि बूम वर केला, कारण रांग रस्त्यापर्यंत गेली होती.